चढाला उतरणाऱ्या आत्या

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. आमचे यजमान, विलासराव, शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून मुलांना शुद्धलेखन देऊन मी व्हरांड्यात आले. "आई गेली," एवढंच ते म्हणाले. आणि खरं सांगते, मी विचारलं, "कुठं?" कारण गेल्या वर्षभरात आमच्या घरात ही बातमी रोजची झाली होती... आई बारामतीला गेली, आई लासुर्ण्याला गेली, आई न सांगताच कुठंतरी गेली. पलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हा मला कळलं. दुपारचं जेवण करून माझ्या सासूबाई ओसरीवर पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. चहाला हाक मारली तर उठल्या नाहीत, इतकंच. त्या दिवशी सकाळी मी शाळेला निघताना त्यांनी मला गाडीजवळ गाठलं होतं. समुद्र किती लांब आहे, एका दिवसात बघून परत येता येईल का, अशी चौकशी होती. मी घाईत होते, संध्याकाळी बघू म्हणाले. ती आमची शेवटची भेट. मला त्याची चुटपुट लागायला हवी, पण लागत नाही. समुद्र राहिला हे खरं, पण जिचं सगळंच राहून गेलं होतं, तिचं एक समुद्र सोडता बरंच काही होऊन गेलं. आज तीन-चार आठवड्यांनी लिहायला बसले आहे ती त्याच समाधानात.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी लग्न होऊन सणसरला आले तेव्हा आमच्या आत्या, शेवंताबाई, उसाच्या खुरपणीपासून पुरणाच्या पोळ्यांपर्यंत सगळं अंगावर ओढून घेणाऱ्या होत्या. मग एका पहाटे माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं आबा खाटेवर आणि आत्या खाटेशेजारी. आबांना दुसऱ्या कुणाच्या हातचा घास चालायचा नाही. मी चमचा पुढं केला की ओठ असे मिटून घ्यायचे, की वर्गातली हट्टी पोरं परवडली. कूस बदलायची तीही आत्यांनीच. त्यामुळं लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, आहेर आमच्या हाती जायचा आणि आत्या घरी राहायच्या. बारामती एवढी बदलली, पण आत्यांना ठाऊक असलेली बारामती म्हणजे दवाखान्याचा जिना आणि समोरचं औषधाचं दुकान. इंदापूर त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

आबा गेले तेव्हा भावकीतल्या बायका आत्यांभोवती बसल्या. आमच्याकडं अशा वेळी बायका दोन कामं करतात, एक स्वतः रडतात आणि दुसरं, कोण किती रडतंय ते बघतात. आत्या रडल्या नाहीत. आबांची शेवटची अंघोळ त्यांनी कुणाला हात लावू न देता स्वतःच घातली, आणि सगळं आटोपल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. मधे कूस बदलायला उठायचं नाही, अशी झोप त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. सोनाकाकू, म्हणजे आमच्या भावकीतल्या वडीलधाऱ्या चुलत सासूबाई, डोळ्याला पदर लावूनच म्हणाल्या, दुःखानं दगड झाला गं हिचा. मलाही तसंच वाटलं.

तेराव्यानंतर एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आत्या मेथीकडं बघतच म्हणाल्या, "शोभे, मला रडू येत न्हाय. मला हलकं वाटतंय बघ. ह्याचं पाप लागत आसंल का गं?" मी बाई पंचवीस वर्षं मुलांना प्रश्नोत्तरं शिकवते. मी म्हणाले, आत्या, दूध उतू जाईल, बघून येते... आणि उठून गेले. दूध गॅसवर नव्हतंच. आत्यांनी तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही, पण तो त्यांच्या मनातून गेला नव्हता. देवाला दिवा लावताना त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहायला लागल्या होत्या.

आमच्या भावकीत अशी रीत आहे, की नवरा गेल्यावर बाईला पहिल्यांदा घराबाहेर काढायचं ते तिच्या भावानं. तो येतो, तिला लुगडं नेसवतो, एका रात्रीपुरतं माहेरी नेतो, आणि मग ती चारचौघांत वावरायला मोकळी होते. तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही. आत्यांना एकच भाऊ, लासुर्ण्याचे तात्या. ते खुबा मोडून अंथरुणाला खिळलेले. भाचा यायला तयार होता, पण भावाचं काम भाच्यानं करायचं नाही, असा सोनाकाकूंचा निकाल पडला. महिना गेला, दुसरा गेला. एवढी वर्षं खाटेमुळं घरात बसलेली बाई, आता खाट रिकामी झाली तर रीतीमुळं घरात. मला फार राग यायचा, पण सुनेच्या रागाला विचारतो कोण? शेवटी एका रविवारी सकाळी आत्या स्वतःच चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "भाऊ येऊ शकत न्हाय, तर आपुन भावाकडं जाऊ," म्हणाल्या. "तू न्हे मला." विलासराव उसाला पाणी धरायला गेले होते, हे त्यांनी बघून ठेवलं असणार.

मी स्कूटी काढली. आत्या जन्मात स्कूटीवर बसल्या नव्हत्या. एका बाजूला पाय सोडून, माझा खांदा धरून बसल्या, आणि मी लासुर्ण्याचा रस्ता धरला. पुढं कालव्याच्या पुलाला चढ आहे. तिथं गाडी जरा मंदावली, मग पुन्हा पळाली. मी आपली बोलते आहे, हा अमक्याचा बंगला, ही नवी शाळा... मागून हुंकार येईना. पूल उतरून बघते तर मागं कुणी नाही. गाडी वळवते तोच पुलावरून आत्या येताना दिसल्या, पदर खोचून, शांतपणे. गाडी मंदावली तशी त्या अलगद उतरल्या होत्या. पडलात का, लागलं का, असं मी ओरडतच विचारलं, तर त्यांनाच माझं नवल वाटलं. "आगं, चढ हुता न्हवं? गाडीला वझं कशाला?" बैलगाडीत वाढलेली बाई ती. चढ आला की धडधाकट माणसानं उतरून चालायचं, बैलांचा जीव खायचा नाही, हे अंगात मुरलेलं. मी हसत सुटले, आणि हसता हसता मला भरूनही आलं. ह्या बाईनं जन्मभर हेच केलं होतं. जिथं चढ आला तिथं आपण उतरायचं आणि गाडीत दुसऱ्याला बसू द्यायचं.

लासुर्ण्याला तात्या खाटेवर पडून होते. बहिणीला बघून त्यांनी उठायची धडपड केली, ती काही साधली नाही. त्यांच्या सुनेनं आतून लुगडं आणलं, तात्यांनी पडल्या पडल्याच त्याला हात लावून ते बहिणीच्या पदरात टाकलं. मग माझ्याकडं बोट करून आत्यांना म्हणाले, "आक्का, म्यां काय आता तुला हिंडवू शकत न्हाय. पर हिनं न्हेली म्हंजी म्यां न्हेली आसं समज. कुठं जायचं तितं जा." झालं. त्या दिवसापासून मी भावकीच्या लेखी सून आणि लासुर्ण्याच्या लेखी भाऊ. सोनाकाकूंना ही सवलत पसंत पडली नाही, पण भावानं दिलेला शब्द मोडायचा कसा, म्हणून त्या नुसत्या नाक मुरडून राहिल्या.

त्यानंतर आत्यांनी जे सुरू केलं त्याला मी मनातल्या मनात पराक्रम म्हणायची. दुसऱ्याला त्यात काहीच वाटणार नाही. बारामतीला एका मोठ्या दुकानात सरकता जिना आहे. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, कोण कसं पाऊल टाकतंय ते बघत. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि माझं मनगट धरून अनवाणी चढल्या. वर गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, की चपला खाली. मी विचारलं, काढल्या कशाला? तर म्हणाल्या, जो आपल्याला उचलून वर नेतोय त्याच्या अंगावर चप्पल घालून उभं राहायचं का? दुकानातला रखवालदार गोड हसला. मग आम्ही मसाला डोसा खायला गेलो. पहिला तुकडा मोडताच वाफ आली आणि आत्यांचे हात थांबले. आबांना भरवून, त्यांचं तोंड पुसून त्या जेवायला बसायच्या तोवर ताट कायम गार झालेलं असायचं. गरम जेवल्याला लई वर्षं झाली, असं त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही, आणि दुसरा डोसा मागवला.

उन्हाळ्याआधी त्या एकट्या एसटीनं बारामतीला जायला लागल्या. कारण विचारलं तर सांगायच्या, दोरा आणायचाय. एवढा दोरा आमच्या सात पिढ्यांना पुरला असता. बाजारात हिंडायच्या, बाकावर बसून माणसं बघायच्या, घरी येऊन मला सगळं रंगवून सांगायच्या. कुणाची सून कॉलेजात शिकवते, भाजीवालीचा लेक नळजोडणीची कामं करतो, एका बाईनं कसा मोटारीत बसून नवऱ्याला दम दिला... स्कूटीवरही आता रुबाब आला होता. कालव्याच्या पुलावर गाडी मंदावली तशी मी एकदा मुद्दाम म्हटलं, उतरताय ना आत्या? त्या आणखी ऐसपैस बसल्या. "वढू दे की तिला. पेट्रोल खाती न्हवं?"

आणि मग ते इंदापूर झालं. बारामतीहून परत येताना आत्यांना एसटीत झोप लागली. सणसर मागं पडलं, आणि कंडक्टरनं उठवलं ते थेट इंदापूरच्या स्टँडवर. मोबाईल होता, पण बॅटरी उगाच संपू नये म्हणून त्या तो बंद करून रुमालात बांधून ठेवायच्या. इकडं घरात हलकल्लोळ. विलासराव फाट्यावर येरझाऱ्या घालतायत, मी बारामतीतल्या ओळखीच्यांना फोन करतेय, सोनाकाकू ओसरीवर येऊन बसलेल्या. दिवस कलायच्या आधी एसटीतून आत्या उतरल्या. हातात भेळेचा पुडा, पिशवीत पेरू. इंदापूर बघून आले म्हणाल्या, आता एवढं लांब गेलेच होते तर. विलासरावांनी फाट्यावरच्या माणसांसमोर त्यांना सुनावलं, की आबांना जाऊन वर्ष झालं नाही आणि आता हे सगळं बंद. घरी येऊन आत्यांनी भेळेचा पुडा माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

मी नवऱ्याशी भांडले. लोकांना काय भ्यायचं, असं मी म्हणत होते. त्यावर ते जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. "लोकांचं सोड. आबा गेले तवा ती रडली न्हाय. आन् आता हसत हिंडती. मलाच बघवत न्हाय गं." तोवर मला वाटत होतं, हा माणूस भावकीला घाबरतोय. त्यांना वाटत होतं, आपला बाप गेला म्हणून आपली आई खूश आहे. असं वाटणाऱ्या मुलाला मी तरी काय सांगणार? आत्यांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढचे कित्येक दिवस त्या कुठंही गेल्या नाहीत. दोरा नको, बाजार नको. मी स्कूटी काढली की आत निघून जायच्या. मेथीच्या वेळी विचारलेला प्रश्न आता त्यांच्या चेहऱ्यावरच दिसायचा, आणि मला भीती वाटायला लागली, की त्याचं उत्तर त्यांनी स्वतःविरुद्ध देऊन टाकलंय.

मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं. पळसदेवचं जुनं देऊळ एरवी धरणाच्या पाण्यात असतं, पाणी ओसरलं की वर येतं. जेवताना आत्या विलासरावांना म्हणाल्या, देऊळ उघडं पडलंय म्हणे, तू नेशील तर जाईन. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, की वर्षाच्या आत देवदर्शन चालत नाही. आत्यांचं उत्तर तयार होतं. देव कधीच वरच्या नव्या गावात नेलाय, रिकामं देऊळ बघायला कसलं सुतक? ह्यावर सोनाकाकूंपाशीही काही नियम नसावा. रविवारी विलासरावांनी पिकअप काढली. पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं बसून पळसदेवला गेलो.

काठावरून होडीनं जावं लागलं. आत्या पहिल्यांदाच होडीत बसत होत्या, पण त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. त्या नुसत्या देवळाकडं बघत होत्या. चिखलातून पाय काढत आम्ही वर चढलो. दगडावर पाण्याच्या खुणा होत्या, आत गाळ होता, गाभारा रिकामा. आत्यांनी एका खांबाला हात लावला आणि तिथंच खाली बसल्या. लग्नानंतर आबांनी त्यांना इथं दर्शनाला आणलं होतं, तेव्हा धरण नव्हतं, नदी नदीसारखी होती. ह्याच खांबाशी बसून त्यांनी शिदोरी सोडली होती, आणि आबा म्हणाले होते, आपण दरवर्षी येत जाऊ. मग धरण झालं, मग ऊस आला, मग पोरं, मग खाट... आणि आत्या रडायला लागल्या. मी त्यांना तसं रडताना कधी बघितलं नव्हतं. होडीवाला लांब जाऊन उभा राहिला. विलासराव खांबासारखेच उभे होते. रडणं जरा ओसरल्यावर आत्या त्यांना म्हणाल्या, "डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकला की मान हलकी हुती का न्हाय, इलास? म्हून भाऱ्यावर राग आसतो व्हय कुणाचा? आपल्याच जनावरांचा चारा आसतो त्यो." एवढंच. मग पदरानं नाक पुसून उठल्या. विलासराव पाण्याच्या कडेला गेले आणि किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. परतताना होडीत त्यांनी आईचा हात धरला होता, बुडण्याची भीती आत्यांना नव्हती, तरीही.

त्यानंतर देवापुढं त्या, आबा असताना राहायच्या तेवढाच वेळ उभ्या राहायला लागल्या. मला तेवढं पुरे होतं. विलासरावांनी स्वतःहून त्यांना ट्रॅक्टरवर शेजारी बसवून उसातून फिरवलं, भिगवणला ताजे मासे खायला नेलं, आणि परगावी असलेल्या नातवाशी मोबाईलवर समोरासमोर बोलायला शिकवलं. त्यात आत्या कायम कानाला मोबाईल लावायच्या, आणि नातवाला पलीकडून आजीचा फक्त कान दिसायचा. आबांचं वर्षश्राद्ध त्यांनी उभं राहून केलं, आबांना आवडायची तशी झणझणीत आमटी केली. आणि पुढं महिन्याभरातच ती दुपार आली.

आत्यांचं दहावं होऊन गेल्यावरही भेटायला येणारी माणसं थांबली नव्हती. एका दुपारी ओसरी भरलेली होती. सोनाकाकू पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "जन्मभर नवऱ्याचं केलं आन् मोकळी झाली तर वर्सात गेली. बिचारीला सुख म्हनून घावलं न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी काही बोलणार होते, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले विलासराव म्हणाले, "न्हाय काकू." मग त्यांनी इंदापूर सांगायला घेतलं. एसटीतली झोप, रुमालात बांधलेला बंद मोबाईल, फाट्यावर आपण कसे वेड्यासारखे हिंडत होतो, आणि आई कशी भेळेचा पुडा घेऊन राणीसारखी उतरली. आपण सगळ्यांदेखत तिला बोललो, तेही सांगितलं, लपवलं नाही. मग जिना आणि चपला, मग पूल आणि स्कूटी. आधी मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. दुखवट्याच्या घरात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. सोनाकाकूसुद्धा पदर तोंडावर धरून हलत होत्या, आणि ते रडणं नव्हतं. नातवाला दिसलेल्या कानापाशी येऊन विलासरावांचा आवाज फाटला आणि ते लहान मुलासारखे रडले, आत्या गेल्यापासून पहिल्यांदाच. कुणी त्यांना गप्प केलं नाही. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. मला हलकं वाटत होतं, आणि ते बरोबर की चूक, हे कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.